मेलो की वाटणी!

‘क्रुसेडर किंग्स ३’ या कॉम्प्युटर गेममध्ये राजघराणं चालवायचं असतं. १०६६ साली आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतापासून सुरुवात करायची. शेजाऱ्यांच्या जमिनींवर खोटेनाटे हक्क उकरायचे, सोयरिकी जुळवायच्या, पोपला मस्का मारायचा आणि म्हातारपणी कसंबसं अख्खं बेट एका झेंड्याखाली आणायचं. मग राजा मरतो आणि सगळं मुसळ केरात! थोरल्याला मुकुट, मधल्याला लेन्स्टर, धाकट्याला अल्स्टर. तिजोरी रिकामी करून तटबंदी बांधली ते डब्लिन नेमकं मधल्या दिवट्याच्या घशात. वर तोच महिन्याभरात थोरल्याविरुद्ध कट शिजवणार.

इतिहासात भाऊबंदकी होती, मान्य. ८४३ च्या व्हर्दन तहात सम्राट शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केलेच. पण फ्रान्सच्या ह्यू कापेने ९८७ मध्ये स्वतः गादीवर बसल्या बसल्या त्याच वर्षी पोराचाही राज्याभिषेक उरकून घेतला होता ना? मग सगळं एकाच वारसाला देण्याची ती सोय मलाच का नाही? तर गेम म्हणतो, खेळातलं पुढचं युग येईपर्यंत थांबा. तोवर वाटणी टाळायला धाकट्यांना मठात धाडा, नाहीतर लढाईत पुढे उभं करा. पोटच्या पोरांना!

तिकडे कॉम्प्युटरचं बायझंटाईन साम्राज्य मात्र अखंड, फुगत फुगत पार इटलीपर्यंत. आणि आमच्या राणीसाहेबांना आत्ताच जुळं झालंय. दोन्ही मुलगे.