‘जपान्यांना रोबो आवडतो, पाश्चात्त्यांना त्याची भीती वाटते’: हा दावा तपासला तर?

“जपानचा शिंतो धर्म वस्तूंतही आत्मा मानतो, त्यात तिथली मुलं अ‍ॅस्ट्रो बॉय या रोबो-मुलाच्या चित्रकथा वाचत वाढली. म्हणून जपानी माणसाला रोबो घरचा वाटतो, आणि पाश्चात्त्यांना राक्षस.” रोबोंवरच्या लेखांत आणि फॉरवर्डांत हे वर्षानुवर्षं फिरतंय. एखाद्या समाजाचं रोबोविषयीचं मत धर्मानं एकदाच ठरवून दिलं आणि ते तसंच राहिलं, असं त्यात गृहीत धरलं आहे. मोजणी मात्र वेगळंच सांगते.

आधी ‘जपान्यांना आवडतो’ हे घेऊ. रोबोविषयीची नावड मोजायला जपानी संशोधक नोमुरा आणि सहकाऱ्यांनी १४ विधानांची एक मोजपट्टी बनवली. तिचे तीन भाग आहेत: रोबोशी प्रत्यक्ष वागणं, समाजावर होणारा परिणाम आणि भावना असलेला रोबो. २००७ साली संशोधक बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी ती सात देशांतल्या ४६७ जणांना लावली. सर्वांत कमी नावड दिसली अमेरिकनांत, सर्वांत जास्त मेक्सिकनांत. जपानी उत्तरं विशेष अनुकूल नव्हती. समाजावरच्या परिणामाची काळजी त्यांत ठळक होती. उत्तरं देणाऱ्यांत आयबो या रोबो-कुत्र्याचे चाहतेही होते, त्यामुळे हा नमुना अख्ख्या देशांचा आरसा नाही. पण ‘जपानी म्हणजे रोबोप्रेमी’ हे गृहीत हलवायला तो पुरेसा आहे.

‘पाश्चात्त्य घाबरतात’? युरोपीय संघाच्या युरोबॅरोमीटर या जनमत पाहणीत प्रत्येक वेळी सुमारे २७ हजार युरोपीयांना विचारलं जातं. रोबोंविषयी अनुकूल मत असलेले २०१२ मध्ये ७० टक्के होते, २०१४ मध्ये ६४ आणि २०१७ मध्ये ६१. म्हणजे बहुसंख्य अनुकूलच, पण २०१४ पर्यंतच प्रमाण उतरलं. धर्म त्या दोन वर्षांत बदलला नव्हता. इथे एक खाचही आहे: २०१७ च्या प्रश्नात ‘रोबो’ला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ जोडली गेली, म्हणून शेवटची घसरण पहिलीशी थेट ताडून पाहता येत नाही. बातम्यांत तिन्ही आकडे एका रेषेत मांडतात, ते चूक आहे. आणि २०१२ च्याच पाहणीत ६० टक्के लोक म्हणाले होते की मुलं, वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीत रोबोंना बंदी घाला. माणूस तोच, रोबोविषयीचं मतही अनुकूलच. फक्त काम बदललं की उत्तर बदलतं.

जपानी कारखान्यांत रोबो सहज रुळले, हा दाखलाही धर्माच्या खात्यावर टाकला जातो. जपानच्या कावासाकी कंपनीनं १९६८ मध्ये युनिमेशन या रोबो बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीशी करार केला तो मजुरांच्या टंचाईमुळे. मोठ्या कंपन्यांत नोकरी आयुष्यभराची असे. रोबो आला की कामगाराला दुसऱ्या कामावर हलवत, घरी पाठवत नसत. मग विरोध कशासाठी होणार? २०२३ चे आकडे पाहा. उत्पादनक्षेत्रातल्या दर १०,००० कामगारांमागे दक्षिण कोरियात १,०१२ रोबो, जर्मनीत ४२९, जपानमध्ये ४१९.

जपानी सहनशीलताही अमर्याद नाही. नागासाकी प्रांतातलं ‘हेन ना’ हॉटेल २०१५ मध्ये रोबोंच्या भरवशावर उघडलं आणि जगभर कौतुकाच्या बातम्या झाल्या. खोलीतली रोबो-बाहुली घोरण्याला हुकूम समजून पाहुण्याला उठवायची. सामान वाहणारे रोबो शंभरांपैकी चोवीसेक खोल्यांपर्यंतच पोचायचे. २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली की २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकले.

राहिला या दाव्याचा सर्वांत आवडता पुरावा: आयबोंचे अंत्यसंस्कार. ओळीनं मांडलेले रोबो-कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर मंत्र म्हणणारा पुरोहित. हे फोटो ‘शिंतो आत्मा’ म्हणून फिरवतात. पण चिबा प्रांतातलं ते कोफुकुजी मंदिर बौद्ध आहे. शिवाय या विधीमागे एक दुरुस्तीचा प्रश्न आहे. आयबो १९९९ मध्ये अडीच लाख येनला विकायला आला, २००६ मध्ये बंद झाला आणि २०१४ मध्ये सोनीनं दुरुस्तीही थांबवली. सुटे भाग मिळेनात. सांधे आणि बॅटऱ्या थकल्या की एकच वाट उरे: बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोचे भाग काढून बसवणं. खासगी दुरुस्ती करणाऱ्यांकडे लोक आपले बंद आयबो या कामासाठी देत, आणि ते उघडण्याआधी निरोपाची प्रार्थना व्हायची. त्या चिठ्ठ्या दात्यांच्या आहेत.