वारसा दिनाच्या मेसेजबद्दल खुलासा

'१८ एप्रिलला साताऱ्यातले सगळे वाडे आतून मोफत बघायला मिळणार, शिवरायांनी बांधलेला राजवाडाही उघडणार' असा मेसेज दोन दिवस फिरतोय. त्या दिवशी आम्ही जुने वाडे दाखवायला फेरी काढतोय, तिच्या पोस्टरचा फोटो खाली जोडलाय, म्हणून लोक आम्हालाच फोन करतात. तर ऐका.

'सगळे वाडे' हे आमचं नव्हे. ज्या घरमालकांनी आपणहून दार उघडायचं कबूल केलंय, तेवढीच घरं आत जाऊन पाहता येतील. ती राहती घरं आहेत, माजघरापर्यंत घुसू नका. जुना राजवाडा बाहेरूनच. 'मोफत'चा गोंधळ बहुधा यामुळे झाला, की त्या दिवशी केंद्राचा पुरातत्त्व विभाग आपल्या तिकीट असलेल्या स्मारकांना प्रवेश मोफत ठेवतो. खासगी वाड्यांशी त्याचा संबंध नाही. आमच्या फेरीला मात्र खरंच पैसे नाहीत.

आणि राजवाडा शिवरायांचा नव्हे हो! तो १८२४ च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी बांधला, म्हणजे शिवरायांनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. त्याला मोठं करायला थोरल्या महाराजांचं नाव लावायची गरजच नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इथे भरणाऱ्या शाळेत दाखल झालं. पुढे तेच बाबासाहेब. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मेसेजमध्ये अजिंक्यतारा 'युनेस्कोचा' म्हटलाय, तेही चूक. २०२५ च्या यादीत आपल्या जिल्ह्यातला किल्ला एकच, प्रतापगड.

जुना मेसेज पुढे ढकलला असेल, तर त्याच ग्रुपवर हाही टाका.