पोट्ट्यांना वादळ बघू द्या

आज संध्याकाळी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या मागून आभाळ काळंनिळं होऊन चढत आलं. दिवसभर ४४ अंशांत भाजून निघालेलो आपण सगळे. आधी धूळ उठली, मग तो गार झोत. आमच्या बिल्डिंगचे पोट्टे खाली पार्किंगमध्ये, छताखाली, भिंतीला टेकून आभाळ बघत उभे होते. कुणाचा आरडाओरडा नाही, काही नाही. तेवढ्यात वरून एक काका ओरडले, "काय आहे त्यात बघण्यासारखं? व्हिडिओ येतीलच ग्रुपवर. चला, वर या, अभ्यासाला बसा!"

पोट्टे गेले निमूट वर. माझं डोकं तेव्हापासून तापलं आहे.

काय आहे त्यात? काका, दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते, त्यात बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल मिसळते आणि बघता बघता ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्याचा माथा चपटा होऊन पसरतो. पावसाच्या आधी तोंडावर येणारा तो गारवा म्हणजे त्याच ढगातून खाली कोसळलेली हवा. वीज चमकली की सेकंद मोजायचे, गडगडाट ऐकू आला की तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर ती लांब. हे मला बाबांनी महाल भागातल्या आमच्या घराच्या ओसरीवर उभं करून शिकवलं. पुस्तकातलं ते नंतर आलं.

आणि खरं सांगू, स्वयंपाकही मी असाच शिकले.

हॉटेल मॅनेजमेंटला असताना आम्हाला फ्रेंच कुकिंग शिकवणारे सर होते. त्यांनी आधी रू शिकवला, म्हणजे सॉस दाट करणारं मिश्रण. लोणी आणि मैदा, समान वजन, मंद आच. आम्ही पळीकडे बघायचो, सर आमच्याकडे. मैद्याचा कच्चा वास जाऊन बेसन भाजताना येतो तसा खमंगपणा यायला लागेपर्यंत दूध घालू द्यायचे नाहीत. त्यातून बेशामेल हा दुधाचा सॉस, पुढे वलूते, एस्पान्योल, टोमॅटो, आणि रूशिवाय होणारा हॉलंडेज. हे पाच आले की बाकीचे सॉस यांच्याच पोटातून निघतात, असं फ्रेंच शेफ एस्कॉफिएच्या परंपरेतले सगळे शिकवतात.

हॉलंडेजच्या दिवशीच वादळ आलं. मे महिना. वाफेच्या पातेल्यावर वाडगे, त्यात अंड्याचे बलक, हातात व्हिस्क, आणि लाइट गेली. भर दुपारी अंधार. पत्र्यावर गारा. आम्ही गॅस बंद करायला गेलो तर सर म्हणाले, "हात थांबवायचा नाही. ऐका." आच जास्त झाली तर बलकाची भुर्जी होते, लोणी घाईने ओतलं तर सॉस फुटतो. दिसत तर काहीच नव्हतं, फक्त निळ्या ज्वाळा आणि मधूनच विजेचा उजेड. पण व्हिस्कचा आवाज बदलत गेला. आधी पातळ छपछप, मग जड, मऊ. वाडग्याला तळहात लावून आच कळत होती. मग सरांनी खिडकी उघडली आणि आम्ही सगळे फेटत फेटत गारा बघत राहिलो.

आता हे कोणत्या व्हिडिओत येणार, सांगा मला!

परवाच एक रील पाहिली. 'पाच मिनिटांत फ्रेंच ओनियन सूप.' अरे, त्या सूपचा कांदा मंद आचेवर तांबूस व्हायलाच पाऊण तास लागतो, कधी जास्त. तो कांदाच तर सूप आहे! पाच मिनिटांत करपतो, गोड होत नाही. बरं, व्हिडिओ बघून शिकणारेही आहेत, माझी भाची शिकली, चांगलं करते. पण तीही आता पातेल्याजवळून हलत नाही.

वीज जीव घेते, मान्य. आपल्या विदर्भात दरवर्षी शेतात माणसं जातात. म्हणून तर पक्क्या इमारतीत राहायचं, झाडाखाली नाही, आणि फोनमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप ठेवायचं. पोट्टे छताखालीच होते, काका.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला. ज्यांच्या घरात नाग नदीचं पाणी शिरलं त्यांना आजही ढग गडगडला की धडकी भरत असेल. त्यांच्यावर माझा काही राग नाही. काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे. एप्रिलच्या गारा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या अंबिया बहाराची बोराएवढी फळं जमिनीवर. तरी मामा दारात उभा राहून बघतो. नुसत्या आवाजावरून सांगतो, गारा आहेत की थेंब, आणि बागेच्या कोणत्या टोकाला जास्त लागलं. सकाळी चालत गेलो की तसंच निघतं. मामाला कुणी म्हणावं, आत ये, व्हिडिओ येईल!

सरांनी त्या दिवशी गॅस बंद करायला लावून वर्ग सोडला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी खिडकी उघडली. मला आजही सॉस करताना आधी आवाज ऐकू येतो, मग रंग दिसतो.

असो. राग जरा उतरला लिहिता लिहिता.

मामाकडून मृग बहाराची, म्हणजे गेल्या पावसाळ्यात फुललेली, शेवटची संत्री आली आहेत. क्रेप सुझेत करणार आहे, म्हणजे संत्र्याच्या रसातली पातळ फ्रेंच धिरडी. एस्कॉफिएच्या कृतीत मँडरिनचा, म्हणजे सुट्या सालीच्या संत्र्याचा, रस असतो, आणि आपलं संत्रं मँडरिनच आहे. रविवारी चार वाजता बिल्डिंगच्या पोट्ट्यांना माझ्याकडे पाठवा. दारू घालणार नाही. पीठ तेच भिजवतील, तव्यावर तेच उलटतील, आणि आभाळ आलं तर गॅस बारीक करून गॅलरीच्या दारात उभे राहू. अंडं चालत नसेल तर शनिवारपर्यंत कमेंटमध्ये सांगा.