नवा फोन आहे, कोण?

अनोळखी नंबर दिसला की लगेच फोन उचलणारी माणसं अजून आहेत म्हणे. तुम्ही त्यांतले होऊ नका. फोन पूर्ण वाजू द्या, थांबू द्या, मग निवांत मेसेज टाका: ‘नवा फोन आहे, कोण?’ इंग्रजीवाले हेच ‘न्यू फोन, हू डिस’ असं मुद्दाम मोडकं बोलतात. आपल्याला व्याकरण मोडावं लागत नाही. ‘आपण’ तेवढं गाळायचं, की समोरच्याला त्याची जागा कळते.

ही सबब एकेकाळी खरी होती. नंबर सिमकार्डावर नाहीतर फोनच्या पोटात असायचे. फोन हरवला की गोतावळाही हरवला. आता नंबर क्लाऊडवर असतात. नव्या फोनवर लॉगिन केलंत की कुठल्याशा जुन्या घराचा नळ दुरुस्त करणारा माणूससुद्धा यादीत हजर! हे तुम्हाला ठाऊक असतं, समोरच्यालाही असतं. तरीही बेधडक विचारा. उसने पैसे परत मागणारा मित्र, जुनं प्रेम, ज्यांच्या लग्नाला जायचं राहून गेलं असे नातेवाईक, या सगळ्यांना हे एकच वाक्य पुरतं. ‘तुझा नंबर मी काढून टाकला’ असं तोंडावर म्हणणं किती असभ्य दिसलं असतं!

ग्रॅहम बेल यांना फोनवर ‘अहॉय’ म्हणावं असं वाटे; ‘हॅलो’ एडिसन यांनी १८७७ मध्ये सुचवलं. शब्दावर दोघांचं जमलं नाही, पण माणूस फोन उचलणारच हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. भाबडी माणसं.

आता खऱ्या अनोळखी लोकांकडे वळू. इथे मात्र सौजन्य सोडायचं नाही. ‘उद्याची भेट नक्की ना?’ असा भलत्याच कुणाचा मेसेज आला, तर ताबडतोब कळवा की नंबर चुकलाय. ‘किती चांगले आहात हो तुम्ही!’ असं उत्तर येईल. घरच्यांनी हे शेवटचं कधी म्हटलं होतं? गप्पा वाढू द्या. काही आठवड्यांनी गुंतवणुकीचा विषय निघेल, तेव्हा दचकू नका; इतक्या मायेने कुणी तुमच्या पैशांची चौकशी केली होती का?

जाहिरातींच्या फालतू मेसेजना ‘स्टॉप’ लिहून पाठवा. नंबर चालू आहे आणि त्यामागचा माणूस मेसेज वाचतो, एवढी माहिती पाठवणाऱ्याला फुकट मिळायलाच हवी. परदेशी नंबरावरून एकदाच रिंग वाजून फोन बंद झाला, तर उलट फोन कराच. जपानीत या युक्तीला ‘वानगिरी’ म्हणतात: एक रिंग आणि कट. पलीकडे महागडी लाइन असते, मिनिटागणिक पैसे कापले जातात. पण कुणाचा मिस्ड कॉल तसाच सोडणं आपल्या संस्कारात बसतं का?

राहिला प्रश्न, कोण खरा आणि कोण खोटा हे ओळखायचं कसं. सोपं आहे. ‘कोण?’ विचारल्यावर पूर्ण नाव, हुद्दा, विभाग आणि कर्मचारी क्रमांक एका दमात सांगितला, वर ओटीपीही मागितला, तर माणूस विश्वासाचा. आणि ‘अरे, मी बोलतोय!’ एवढंच म्हणाला, तर तो नक्की ओळखीतलाच. त्याला ब्लॉक करा.