प्रार्थना पाठ झाली, पुढे काय?

"मुलांवर चांगले संस्कार होतात हो, म्हणून पाठवतो." कुठल्याही धर्माच्या युवा शिबिराच्या दाराशी उभे राहा, हे वाक्य ऐकू येणारच. मंदिर असो, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार की सिनेगॉग, पालकांचं बोलणं तेच. आणि माझ्यासारखे, फारसे देवाधर्माचे नसलेले लोक लगेच नाक मुरडतात, की कोवळ्या वयात डोक्यात काहीबाही भरवतात झालं. मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. अशा उपक्रमांत स्वयंसेवक म्हणून माझी बरीच ये-जा असते (देवासाठी नाही, मुलांसाठी), आणि आता माझं मत असं झालंय की तिथे चारित्र्य खरंच घडतं. फक्त ज्या तासासाठी आपण मुलांना पाठवतो, त्या तासाला ते घडत नाही. व्याख्यान चालू असताना निम्मी मुलं जांभया देत असतात आणि उरलेली कधी सुटतोय याची वाट बघत असतात. जे काही घडतं ते व्याख्यान संपल्यावर, खुर्च्या उचलताना.

हे मी उगाच टोमणा म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची आयती संधी दिली. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा, कुणी बघत नाही असं वाटेल अशी व्यवस्था, वगैरे. १९२८ ते १९३० या काळात त्यांनी निष्कर्ष छापले. एका ठिकाणी प्रामाणिक असलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी खुशाल फसवतं, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाण्याचा प्रामाणिक वागण्याशी फारसा संबंध नाही, असं त्यांना दिसलं. संस्कार वर्ग चालवणाऱ्या मंडळींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्याहून बोचरा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे उद्याच्या धर्मगुरूंना, भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. आणि वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना "अजून वेळ आहे" सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. "उशीर झालाय, पळा" सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. करुणेवर बोलायला निघालेला माणूस करुणेचा विषय ओलांडून पुढे गेला!

मग शिकवणं फुकटच का? तसं नाही. पण हे उपक्रम सुरू करणाऱ्यांनी मुळात नुसतं शिकवलं नव्हतंच, याचा आपल्याला विसर पडलाय. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा रॉबर्ट रेक्स हा वर्तमानपत्राचा मालक. १७८० साली त्याने रविवारच्या शाळांना जोर दिला, त्या आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांसाठी. धर्मग्रंथ होताच, पण तो वाचता यावा म्हणून आधी अक्षरओळख होती. आजच्या इटलीतल्या तुरीनमध्ये १८४१ पासून डॉन बॉस्को नावाचा पाद्री गावाकडून कामासाठी आलेल्या, तुरुंगाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांना गोळा करू लागला. तो त्यांच्याबरोबर खेळायचा, त्यांच्या मालकांना भेटायचा. १८५२ मधला काम शिकण्याच्या उमेदवारीचा एक करार आजही दाखवला जातो. त्यात मालक, शिकाऊ मुलगा यांच्याबरोबर बॉस्कोचीही सही आहे. मला हे फार आवडतं. "प्रामाणिक राहा बाळा" असं म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात, पण त्या बाळाच्या करारावर स्वतःची सही करणारा विरळा.

आणि बास्केटबॉल! हा खेळ एका ख्रिस्ती तरुण संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जन्मला हे कित्येकांना माहीत नसतं. ती संघटना, म्हणजे वायएमसीए, १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडदुकानातल्या बावीस वर्षांच्या नोकराने मित्रांबरोबर सुरू केली. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने, जो स्वतः धर्मशास्त्र शिकलेला होता, हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेल्या दांडगट पोरांसाठी तेरा नियम लिहिले. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, म्हणजे कुणी अंगावर झेप घेणार नाही. खांदा मारायचा नाही, पाय घालायचा नाही. दुसऱ्यांदा हे केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. संयमावर एक अक्षर नाही, आणि खेळायचं तर संयमाशिवाय गत्यंतर नाही.

एका शिबिरातल्या मुलाची गोष्ट सांगतो. पंधरा-सोळाचा असेल, उंच, आडदांड, सतत कुणाची तरी टिंगल चाललेली. संयोजक ताईंनी त्याला शिक्षा करण्याऐवजी सगळ्यात लहान मुलांची एक खोली त्याच्या हवाली केली. काम साधं. झोपण्याआधी डोकी मोजायची, सकाळी उठवायचं, कुणाचा टॉवेल हरवला तर शोधायचा. पहिल्या दिवशी तो वैतागलेला होता. एका पहाटे मी तिथून जात होतो तर हा दबक्या पावलांनी ओली चादर घेऊन बाहेर आला. एका चिमुरड्याने रात्री अंथरूण ओलं केलं होतं. बाकीची मुलं उठली, काय झालं म्हणून विचारू लागली, तेव्हा हा सहज म्हणाला, "माझ्या हातून बाटली सांडली रे रात्री, झोपेत." लहानग्याने एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आदल्याच संध्याकाळी सत्य बोलण्यावर तासभर व्याख्यान झालं होतं. या धडधडीत खोट्याला तिथे बसलेल्या कुठल्याही धर्माच्या गुरूने गुण दिले असते की कापले असते कोण जाणे. मी तरी पैकीच्या पैकी दिले.

आता कुणी म्हणेल, हे तर क्रीडा मंडळातही होतं, त्याला धर्म कशाला हवा? बरोबर आहे, बऱ्याच अंशी होतंच. पण काही गोष्टी मला श्रद्धेच्याच अंगणात जास्त दिसल्या. एक तर तिथे निवड नसते. संघात धावता न येणारा मुलगा राखीव खेळाडूंत बसतो आणि एक दिवस यायचा बंद होतो. प्रार्थनेच्या रांगेत बेसूर गाणाऱ्यालाही जागा असते. शिवाय सगळ्या वयाची माणसं एका छताखाली असतात. बहाई समाजाच्या गटांमध्ये बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याहून थोडे मोठे तरुणच सांभाळतात, आणि गटाने मिळून सेवेचं काहीतरी काम करायचं असतं. गुरुद्वाऱ्यात चपला सांभाळण्याची सेवा करताना कुणाच्या घरी किती गाड्या आहेत ते चपलांवरून कळत नाही, आणि कळलं तरी चालत नाही.

आणि रोजा किंवा उपवास. तेरा वर्षांचं पोर दुपारी एकटं बाथरूममध्ये आहे, घसा कोरडा पडलाय, नळ समोर आहे. कुणालाही कळणार नाही. तरी ते तोंड धुऊन, चूळ बाहेर टाकून येतं. हार्टशोर्न-मे यांनी जी कसोटी मुद्दाम रचली होती ती इथे मूल स्वतःच स्वतःला लावतं, तीही महिनाभर. हे व्याख्यानाने जमणारं काम नव्हे. कुणीतरी बघतंय ही भावना त्यात असेलही, पण सवय लागते ती मुलालाच.

चुकलेल्याला परत यायची वाट बांधून ठेवणं हा तर मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. यहुदी परंपरेत योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, देवाची क्षमा मागण्याने माणसाविरुद्धचं पाप फिटत नाही, आधी त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत घालावी लागते. जैन मंडळी पर्युषणाच्या शेवटी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून एकमेकांची माफी मागतात. चौदाव्या वर्षी मित्राचा विश्वासघात केलेल्या मुलाला माफी कशी मागायची हेच माहीत नसतं. त्याला ठरलेला दिवस आणि ठरलेले शब्द मिळाले की निम्मं ओझं उतरतं. शाळेत फार तर पालकांना बोलावतात.

एवढं कौतुक केल्यावर काळी बाजू सांगितली नाही तर ती लबाडी होईल. जिथे विश्वास असतो तिथे चौकशी ढिली पडते. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संस्थेने, जिची कितीतरी पथकं चर्चच्या आश्रयाने चालत, २०२० साली दिवाळखोरी जाहीर केली आणि लैंगिक अत्याचाराचे ८० हजारांहून जास्त दावे पुढे आले. 'हा तर देवाचा माणूस' या एका वाक्याआड किती पोरं गप्प बसली असतील. म्हणून जिथे एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसू शकतो, तिथे कितीही सुंदर प्रार्थना होत असो, मूल पाठवू नका. दुसरं, आज्ञाधारकपणाला चारित्र्य समजण्याची गल्लत फार होते. खाली मान घालून हो म्हणणारा मुलगा शिबिराच्या फोटोत छान दिसतो, पण पुढे चुकीच्या माणसालाही तो तसाच हो म्हणतो. आणि आपण चांगले कारण ते वाईट, ही शिकवण ज्या वर्गात मिळते त्याच्याबद्दल मी काही लिहीतच नाही. तिथून मुलाला त्याच दिवशी घरी आणावं.

त्यामुळे कुणी विचारलं, अमुक ठिकाणी घालू का, तर मी अभ्यासक्रम बघत नाही. मी विचारतो की कार्यक्रम संपल्यावर झाडू कोण मारतं, मोठी मुलं की भाड्याची माणसं? दोन वर्षांपूर्वी आलेली मुलं अजून दिसतात का? तक्रार करायची तर मुलाने कुणाकडे जायचं? आणि शेवटी विचारतो, एखाद्या पोराने उभं राहून सांगितलं की माझा यातल्या कशावरच विश्वास नाही, तर तुम्ही काय करता?

बहुतेक ठिकाणी यावर लांबलचक भाषण मिळतं. एका संयोजकांनी मात्र हसून सांगितलं, "त्याला माइक आणि स्पीकरचं काम देतो. ते काम असलं की पोरगं वेळेआधी येतं, आणि सगळं आवरून झाल्यावर अर्धा तास आमच्याशी वाद घालत बसतं."

माझ्या भाचीचं नाव आम्ही तिथेच घातलं.