पोलिसांविरुद्ध तक्रार केली की ३५३ लागतोच का?

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय. त्याचं म्हणणं असं की पोलिसांविरुद्ध तक्रार केली की ३५३ (सरकारी माणसाला कामात अडवण्याचं कलम) लागतो, पोलीस स्टेशनात मोबाईल काढणं गुन्हा आहे, तक्रार सिद्ध नाही झाली तर तुम्हीच आत जाता, आणि ऐकणारे शेवटी पोलिसच असतात तेव्हा गप्प बसा. लिहिणाऱ्याची भीती खोटी नाहीये, पण कायदा म्हणून जे सांगितलंय त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

आधी ३५३ बघू. हे जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम, जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं १३२ झालंय, पण सगळे अजून ३५३च म्हणतात. हे लागायला सरकारी माणसाला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी झालेली असावी लागते. कागदावर तक्रार देण्यात कसली आलीय बळजबरी? बंगळुरूच्या एका जोडप्याने अधिकारी नीट वागला नाही म्हणून ट्रॅफिक पोलिसांच्याच फेसबुक पेजवर लिहिलं, ईमेलवर तक्रार पण केली, तर उलट त्यांच्यावरच ३५३ आणि धमकीचं ५०६ लावलं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, दोन्हीतलं एकही कलम बसत नाही म्हणून. आता हेही खरं की हायकोर्टात त्यांना दिलासा मिळाला नव्हता, दिल्लीपर्यंत जावं लागलं. म्हणजे न बसणारं कलमही लावलं जातं, एवढं फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे.

मोबाईलचं सांगायचं तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमधल्या (सरकारी गुपितांचा कायदा) 'प्रतिबंधित जागे'त पोलीस स्टेशन येत नाही, त्यामुळे तिथलं शूटिंग त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. शिवाय डिसेंबर २०२० पासून प्रत्येक स्टेशनात सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, फुटेज जपून ठेवा म्हणून लेखी अर्ज लगेच द्यायचा, नंतर 'कॅमेरा बंद होता' ऐकायला मिळतं.

'खोटी तक्रार' म्हणजे जुनं १८२, आताचं २१७. त्याला तक्रार खोटी आहे हे तुम्हाला *माहीत असताना* दिलेली लागते. पुरावा कमी पडला याला खोटी म्हणत नाहीत.

आणि ऐकणारे फक्त पोलीसच, हेही अर्धवट. पोलीस सुधारणांवरच्या सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्रात २०१४ ला पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, अध्यक्ष निवृत्त हायकोर्ट न्यायाधीश. मानवी हक्क आयोग आहे, पण घटनेला एक वर्ष व्हायच्या आत जा. मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं, फक्त नव्या कायद्यात ड्युटीवरच्या सरकारी माणसाविरुद्ध तपासाचा आदेश द्यायच्या आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात, त्यात वेळ जातो. हे सगळं झटपट होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये.

गंमत म्हणजे जिची खरी भीती हवी ती चॅप्टर केस फॉरवर्डमध्ये नाहीच. म्हणजे शांतता राखण्यासाठी आधीच केलेली प्रतिबंधक कारवाई. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. यात तुम्ही काही गुन्हा केला हे सिद्धच करावं लागत नाही, 'शांतता भंग होण्याची शक्यता' एवढ्यावर नोटीस येते, शांतता राखेन असा बाँड लिहून द्या म्हणतात, आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ही सुनावणी घेणारा एसीपीच (सहाय्यक पोलीस आयुक्त) असतो, म्हणजे नोटीस मागणारं आणि ऐकणारं खातं एकच. घाबरून पहिल्याच तारखेला सही करून येऊ नका. कारणं लेखी मागा, उत्तर द्यायला वेळ मागा, वकील न्या, बाँडचा आदेश निघालाच तर सेशन्स कोर्टात जाता येतं. तिथे सगळ्यात जास्त कामाला येते ती तुमच्या मूळ तक्रारीची आवक शिक्का मारलेली प्रत, कारण शिक्क्याची तारीख आधीची आणि नोटिशीची नंतरची असेल तर नोटीस कशामुळे आली हे कोर्टाला वेगळं समजवावं लागत नाही. स्टेशनात शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तीच तक्रार एसपी किंवा डीसीपीला स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.