वकिलाशी वाद झाला की लवाद सक्तीचा? नाही

इंदूरमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘वकिलाविरुद्ध आता ग्राहक मंचात जाता येत नाही, फीचा वाद लवादाकडेच न्यावा लागतो आणि तोवर फाइल वकिलाकडेच राहते.’

पहिला भाग खरा. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. पण त्या निकालाने लवाद (कोर्टाऐवजी वादाचा निवाडा करणारा त्रयस्थ) कोणावर लादलेला नाही. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे त्यासाठी दोघांचा लेखी करार लागतो. म्हणून वकीलपत्रासोबत फीचा करारही पुढ्यात आला, तर त्यात लवादाचं कलम आहे का, लवाद नेमणार कोण, हे सहीआधी वाचा. (घाईत कोणी वाचत नाही, तिथेच फसगत होते.) लवादाचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (निकालासारखाच) अमलात येतो आणि त्याला आव्हान द्यायची कारणं मोजकीच आहेत. करार नसेल तर फीसाठी दिवाणी दावा आहेच. गैरवर्तनाची तक्रार मात्र जबलपूरच्या राज्य वकील परिषदेकडे (स्टेट बार कौन्सिल). शिक्षा तीच करू शकते, लवाद नाही.

फाइलचं तर साफ खोटं. फी थकली म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय, तेही आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात.